गुण उतरले, पण कशामुळे?

पत्र थोडक्यात असं : कोल्हापुरातल्या एका लहान संस्थेत समुपदेशक असलेल्या ताईंनी लिहिलं आहे. करवीर आणि शिरोळ तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत बचत गटांतल्या बायकांसाठी त्यांची संस्था सहा सत्रांचं मोफत समुपदेशन चालवते. ऐकून घेणं, श्वासाचा सराव, अडचणींची यादी करून त्यातली एक हाती घेणं, बंद पडलेली कामं हळूहळू सुरू करणं, असा सत्रांचा साधारण ऐवज. ताई आणि त्यांनी तयार केलेल्या तीन कार्यकर्त्या मिळून हे करतात. पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत (गुण जितके जास्त तितका त्रास जास्त) ज्यांचे गुण १० किंवा जास्त येतात त्यांना घेतलं जातं. ऑगस्टपासून ४१ जणींनी सुरुवात केली, २९ जणींनी सहाही सत्रं पूर्ण केली आणि त्यांचे सरासरी गुण १५ वरून ८ वर आले. आणखी साठेक नावं यादीत थांबलेली आहेत. देणगीदारांना मार्चपर्यंत 'ही पद्धत परिणामकारक आहे' असा अहवाल हवा आहे. विद्यापीठातले एक परिचित मात्र म्हणतात, तुलनेला दुसरा गट नाही म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. ताई लिहितात : "दारात आलेल्या बाईला चिठ्ठी टाकून 'तुझा नंबर लागला नाही' म्हणून परत पाठवायचं? मला ते जमणार नाही. पण मग आमच्या कामाचा खरंच उपयोग होतो का, हे कळायचं कसं?"

ताई,

पीएचक्यू-९ मध्ये पाच गुणांचा फरक पडला तर तो रोजच्या जगण्यात जाणवण्याइतका मानतात. तुमच्याकडे सात गुण उतरले. त्या २९ जणींना आज बरं वाटतंय, ते खरं आहे आणि ते कुणी खोडून काढत नाही. प्रश्न एवढाच आहे की त्या सातातले किती गुण तुमच्या सत्रांमुळे उतरले आणि किती नाहीतरी उतरलेच असते.

पंचगंगेकडे बघा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. पाणी ४३ च्या वर गेलं त्या दिवशी आपण घाटावर कोणताही उपाय सुरू केला, तरी काही दिवसांनी पाणी उतरलेलंच दिसेल, कारण वर राधानगरीकडे पाऊस ओसरलेला असेल. तुम्ही बाईला कामात घेता तेव्हा तिचेही गुण चढलेले असतात. १० च्या खाली असती तर तुम्ही घेतलीच नसती. प्रश्नावली मागच्या दोनच आठवड्यांचं विचारते. काहींचे ते दोन आठवडे नेमके वाईट गेलेले असतात आणि पुढच्या मोजणीला त्या आपोआप आपल्या नेहमीच्या पातळीवर येतात. त्यात तुमची पहिली मोजणी ऑगस्टमधली, पाणी कधी घरात शिरेल या धास्तीची. शेवटची दसरा-दिवाळीच्या सुमाराची. शिरोळच्या बाईचा जीव या दोन महिन्यांत सारखाच राहील, असं तुम्हीही म्हणणार नाही.

उपचाराविना बरं होणाऱ्यांचं प्रमाणही आपल्या अंदाजापेक्षा मोठं असतं. उपचार न मिळालेल्या नैराश्याच्या रुग्णांवरच्या अभ्यासांचा एक एकत्रित आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शंभरातले साधारण २३ जण तीन महिन्यांत, ३२ सहा महिन्यांत आणि ५३ वर्षभरात लक्षणांतून बाहेर आलेले दिसले.

आता शेवटची मोजणी कशी झाली असेल ते डोळ्यांसमोर आणा. सहावं सत्र संपलंय, चहा झालाय. जिनं सहा आठवडे उन्हापावसातून येऊन ऐकून घेतलं, तीच कार्यकर्ती मांडीवर कागद घेऊन विचारते, "उदास वाटणं, निराश वाटणं?" बाई एकदा कागदाकडे बघते, एकदा कार्यकर्तीच्या तोंडाकडे, आणि म्हणते, "आता बरं हाय की ताई." शून्याला गोल पडतो. ती खोटं बोलत नाही, माणुसकीनं बोलते. म्हणून शेवटची मोजणी सत्रं घेणाऱ्या कार्यकर्तीनं कधीही करू नये. आजपासून एवढा एक बदल केलात तरी तुमचे आकडे पुष्कळ भरवशाचे होतील.

आणि त्या बारा जणी? तुमचा ८ हा आकडा फक्त पूर्ण करणाऱ्यांचा आहे. गळालेल्या बाराही जणींची सुरुवात १५ च्याच आसपास होती आणि त्यांना काहीच फरक पडला नाही, असं धरून बघा : २९ गुणिले ८ म्हणजे २३२, १२ गुणिले १५ म्हणजे १८०, बेरीज ४१२. भागिले ४१. सरासरी ८ ऐवजी १० येते. हे नुसतं धरून चालणं आहे, खरं उत्तर त्या बारा जणींना विचारूनच मिळेल. पण जिला सत्रं पटली नाहीत ती मध्येच थांबते आणि जिला मानवली ती शेवटपर्यंत येते, त्यामुळे फक्त पूर्ण करणाऱ्यांची सरासरी नेहमीच जरा गोड दिसते.

तुलनेचा गट कशासाठी लागतो, हे आपल्या शेजारच्या गोव्यातल्या अभ्यासावरून स्वच्छ कळतं. तिथं 'संगथ' संस्थेनं १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली, ती २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पीएचक्यू-९ वर १४ पेक्षा जास्त गुण असलेले ४९५ जण त्यात घेतले. समुपदेशक गावपातळीवर तयार केलेले, मानसशास्त्राची पदवी नसलेले. सत्रं सहा ते आठ, पद्धत म्हणजे थांबलेली, अर्थपूर्ण वाटणारी कामं पुन्हा सुरू करायला मदत करणं. दोन्ही गटांच्या डॉक्टरांना प्रश्नावलीचा निकाल कळवला होता आणि उपचाराच्या सूचना दिल्या होत्या. एका गटाला त्यावर समुपदेशन मिळालं. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचे गुण १० च्या खाली होते. आणि न मिळालेल्यांपैकी? ३९ टक्क्यांचे. दुसरा गट नसता तर सगळे ६४ आपण समुपदेशनाच्या खात्यावर मांडले असते. त्यातलं समुपदेशनाचं श्रेय २५ चं. चार जणांना सत्रं दिली की एक जास्तीचा माणूस सावरतो. हे यश मोठं आहे, आणि ते ठामपणे सांगता येतं ते त्या ३९ मुळेच.

आता चिठ्ठीचं, म्हणजे सत्रं आत्ता कुणाला द्यायची आणि तुलनेसाठी कुणाला थांबवायचं, हे चिठ्ठी टाकून ठरवण्याचं. तुम्हाला ते दारातून परत पाठवणं वाटतं. पण साठ जणी आजच थांबल्या आहेत ना? चौघींच्या वेळात साठ जणींना एकदम घेणं होणार नाही. तीस आत्ता, तीस तीन महिन्यांनी, हे चिठ्ठी न टाकताही होणारच आहे. मग आज आधी नंबर कुणाचा लागतो? जिची गटाच्या अध्यक्षांशी ओळख आहे, जिच्याकडे फोन आहे, जिला घरातून बाहेर पडता येतं, तिचा. चिठ्ठीत निदान सगळ्यांना सारखी संधी असते. ज्यांना थांबणं धोक्याचं आहे त्यांना चिठ्ठीत घालायचंच नसतं. त्याबद्दल पुढे सांगते.

तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट न बोलता धरलेली आहे : समुपदेशनानं झाला तर फायदाच होईल, नुकसान तर होणार नाही. इथं जरा थांबा. अपघात किंवा आपत्तीनंतर लगेच माणसाला बसवून, घडलेलं सगळं एकाच बैठकीत बोलून घ्यायची पद्धत बरीच वर्षं जगभर चालत होती. बोलून मन मोकळं होतं, ही आपलीही समजूत. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर तिची चाचणी प्रसिद्ध झाली. तेरा महिन्यांनी आघातोत्तर ताणाचा विकार अशी बैठक झालेल्यांपैकी २६ टक्क्यांना होता, न झालेल्यांपैकी ९ टक्क्यांना. बैठक झालेल्या गटाच्या जखमा मुळात काहीशा जास्त होत्या, म्हणून एवढ्या एका अभ्यासावर निकाल लावता येत नाही. पण नंतरच्या एकत्रित आढाव्यांतही त्या पद्धतीचा फायदा दिसला नाही, आणि जागतिक आरोग्य संघटना ती वापरू नका असंच सांगते. ती वापरणारी माणसंही तुमच्यासारखीच मनापासून काम करणारी होती. पूरग्रस्त गावांत काम करणाऱ्या प्रत्येकानं हे ध्यानात ठेवावं.

मग करायचं काय? तुमच्यापुढे तीन वाटा आहेत आणि माझं मत सरळ सांगते.

पहिली वाट, देणगीदारांना हवा तसा अहवाल लिहून मोकळं होणं. ती घेऊ नका. दुसरी, यादीतल्या साठ जणींवर घाईनं चाचणी उरकणं. तीही नको, आणि त्याचं कारण हिशेबात आहे. गुणांचा पसारा सरासरीच्या दोन्ही बाजूंना साधारण पाचचा असेल आणि दोन गटांत अडीच गुणांचा फरक पकडायचा असेल, तर प्रत्येक गटात ६४ जणी लागतात. पाचातली एक गळेल असं धरलं तर ८०, म्हणजे दोन्ही मिळून १६०. तीस-तीसच्या गटांत फरक फार मोठा असला तरच दिसेल. मध्यम पण मोलाचा फरक निसटेल आणि चांगल्या कामावर 'उपयोग नाही' असा शिक्का बसेल. त्यात तुमच्या बायका एकाच बचत गटातल्या. सोमवारी एकीनं शिकलेला श्वासाचा सराव बुधवारच्या बैठकीत दुसरीला शिकवला जाणार, आणि शिकवावाच. ते टाळायचं तर बाईऐवजी अख्ख्या बचत गटाच्या नावानं चिठ्ठी टाकावी लागते आणि संख्या वाढते. एका बचत गटातल्या बायकांचे गुण एकमेकींशी थोडे मिळतेजुळते असतात; गटागणिक दहा जणी आणि ती जुळणी ०.०५ धरली तर १.४५ पट, म्हणजे १६० च्या जागी २३२. हे चौघींच्या संस्थेनं एकटीनं पेलायचं काम नाही.

तिसरी वाट मला योग्य वाटते. एखादी पद्धत चालते का, हे नव्यानं सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर असलीच पाहिजे असं नाही. तुमच्या सत्रांतला ऐवज बघितला तर तो जागतिक आरोग्य संघटनेच्या 'प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस' या पद्धतीच्या फार जवळ जातो. ती पाच सत्रांची, आठवड्याला एक, दर सत्र दीड तासाचं : श्वासाचा सराव, अडचण सोडवणं, कामं पुन्हा सुरू करणं, आधाराची माणसं जोडणं. पेशावरमध्ये ३४६ जणांवर तिची चिठ्ठ्या टाकून चाचणी झाली, ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ताण, चिंता, नैराश्य तिन्ही कमी झालेलं दिसलं. तिची पुस्तिका संघटनेनं मोफत दिली आहे. अशी तपासलेली पद्धत नीट, जशीच्या तशी राबवली तर तुमच्यापुढचा प्रश्न पेलण्याजोगा होतो : आपण ती बरोबर देतोय का, आणि इथल्या बायकांत अपेक्षित बदल दिसतोय का?

आज तुमच्याकडे चौघी चार तऱ्हांनी सत्रं घेत असणार. एकीचा भर ऐकण्यावर, दुसरीचा श्वासावर, तिसरी सल्ले देत बसणार. मग नेमकं काय तपासलं, हेच सांगता येत नाही. दर सत्रात काय झालंच पाहिजे याची आठ-दहा मुद्द्यांची यादी करा. बाईची परवानगी घेऊन सत्रं ध्वनिमुद्रित करा आणि दहातलं एक, कुठलंही अचानक निवडून, अनुभवी व्यक्तीनं त्या यादीवर तपासावं. आठवड्यातून एक तास चौघींनी एकत्र बसून अडलेल्या केसेस बोलाव्यात. हा तास कामाच्या रेट्यात सगळ्यात आधी बळी जातो आणि पद्धत घसरायला लागते ती तिथूनच.

मोजणी सुरुवातीला दोनदा करा, मध्ये दोन आठवडे ठेवून. दोन्ही वेळा १० किंवा जास्त असेल तिलाच घ्या. दुसऱ्या वेळी जिचे गुण आपोआप उतरले तिला फोनवर संपर्कात ठेवा. पुढे दर सत्राआधी पीएचक्यू-९ भरून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. म्हणजे कोण कितव्या सत्रानंतर थांबली आणि तेव्हा तिचे गुण काय होते, हे हाताशी राहतं. खरा निकाल मात्र सुरुवातीपासून तीन महिन्यांनी, सत्रं न घेणाऱ्या बाहेरच्या व्यक्तीनं विचारून, गळालेल्यांसकट सगळ्यांचा. जमलं तर वर्षानं पुन्हा. 'झोप' आणि 'भूक' या प्रश्नांना जपा. रात्रीच्या विजेवर मोटर चालू करायला उठणाऱ्या बाईची झोप मोडते ती उदासीमुळे नव्हे. श्रावणात-नवरात्रात उपास असतात. प्रश्न बदलायचा नाही, पण शेजारी कारणाची नोंद ठेवायची. आणि ज्यांचे गुण पाच किंवा जास्तीनं वाढले त्यांची वेगळी नोंद हवीच. बहुतेक अहवालांत हा रकाना नसतो.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथं शून्याखेरीज काहीही आलं तर कागद बाजूला ठेवा आणि त्याच बैठकीत सरळ विचारा : काही ठरवलंय का, पूर्वी कधी प्रयत्न केलाय का, घरात तणनाशक, कीटकनाशक कुठं असतं? विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. धोका वाटला तर त्याच दिवशी सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या, घरातल्या भरवशाच्या माणसाला सोबत घ्या, तोवर बाईला एकटं सोडू नका, औषधांच्या बाटल्या कुलपात किंवा घराबाहेर. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो; तो चौघींच्या वहीच्या पहिल्या पानावर हवा. अशी बाई प्रतीक्षा यादीत किंवा चिठ्ठीत कधीच नाही. भास होणाऱ्या, भ्रमात असणाऱ्या बाईलाही सहा सत्रांत बसवू नका, तिला डॉक्टर हवेत.

एवढं वर्षभर नीट चाललं की मग त्या परिचितांकडे जा आणि म्हणा, चला, चाचणी करू. पहिल्यांदा साठ जणींची, उघडपणे 'पूर्वतयारीची' म्हणून. त्यात पद्धत चालते का, हे बघायचं नाही. किती जणी संमती देतात, किती टिकतात, चिठ्ठ्यांची पाकिटं नीट उघडली जातात का, एवढंच. मोठी चाचणी विद्यापीठ किंवा वैद्यकीय महाविद्यालयाला बरोबर घेऊन. छोट्या चाचणीलाही नैतिकता समितीची मंजुरी आधी लागते, आणि पहिली बाई घेण्यापूर्वी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदणीत चाचणीचं नाव घालावं लागतं; तिथं पैसे पडत नाहीत, पण १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंद करता येत नाही. मुख्य निकाल कोणता आणि कधी मोजणार, तो एकच, तिथं आधी लिहून टाकायचा. नंतर दहा आकड्यांतून चांगला दिसणारा उचलण्याचा मोह त्यानंच आवरतो.

चिठ्ठ्यांचा क्रम बाहेरच्या माणसानं संगणकावर काढावा, चार आणि सहा जणींच्या तुकड्या मिसळून, प्रत्येक तुकडीतल्या निम्म्या एका गटात आणि निम्म्या दुसऱ्या, म्हणजे पुढची चिठ्ठी ओळखता येत नाही. क्रमांक घातलेली बंद पाकिटं, आत चांदीचा कागद, उजेडात धरली तरी न दिसणारी. आधी पाकिटावर नाव आणि तारीख, मग उघडायचं. 'विषम क्रमांक इकडे, सम क्रमांक तिकडे' असं करू नका. फार गरजू बाई आली की कार्यकर्तीचा हात आपोआप तिला पुढच्या क्रमांकावर सरकवतो, कळवळ्यापोटीच, आणि दोन्ही गट सारखे राहत नाहीत. थांबणाऱ्या गटालाही रिकाम्या हातानं ठेवायचं नाही : निकाल समजावून सांगणं, आरोग्य केंद्रासाठी शिफारसपत्र, दोन आठवड्यांनी एक फोन, आणि तीन महिन्यांनी तीच सत्रं. 'आपला नंबर लागणार आहे' म्हणून थांबलेली माणसं स्वतःचे उपाय पुढे ढकलतात आणि त्यामुळे पद्धत आहे त्याहून सरस दिसते, म्हणूनही ही काळजी. संमती गटाच्या अध्यक्षांसमोर घेऊ नका; तिथं नाही म्हणता येत नाही. वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर वाचून दाखवून अंगठा.

मार्चच्या अहवालात हे लिहा : "४१ स्त्रियांनी सुरुवात केली. सहा सत्रं पूर्ण केलेल्या २९ जणींचे सरासरी गुण १५ वरून ८ वर आले. मोजणी सत्रं घेणाऱ्या कार्यकर्त्यांनीच केली. तुलना गट नसल्यामुळे यातला किती बदल समुपदेशनामुळे झाला हे सांगता येत नाही. पुढील वर्षी स्वतंत्र मोजणी आणि तीन महिन्यांचा पाठपुरावा करण्यासाठी निधी हवा आहे." शेवटची मोजणी करणाऱ्या स्वतंत्र व्यक्तीचं मानधन आणि प्रवासखर्च त्याच अर्जात मागा. खरं बोलणाऱ्या संस्थेला देणगीदार सोडून जातात, ही भीती मला समजते, पण आकडे उघडपणे मांडणाऱ्याकडेच पुढे चाचणीचं काम येतं.

आणि या आठवड्यात त्या बारा जणींना फोन करा. ज्या कार्यकर्तीकडे त्या येत होत्या तिनं नव्हे, दुसरीनं. "का आला नाहीत?" असं विचारलं की बाई वरमते. "तुम्ही येत होता तेव्हा काय बरं वाटलं, काय नको वाटलं?" असं विचारा. मग नऊ प्रश्न. एखादी म्हणेल, बरं वाटायला लागलं म्हणून थांबले. एखादी म्हणेल, सासूबाईंनी विचारलं रोज कुठं जातीस. एखादी म्हणेल, जुनं सगळं उकरून निघालं आणि दोन रात्री झोप लागली नाही. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत उतरवून घ्या आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या घरी जाऊन या.